केलबच्या गुडघ्याचा संकल्प

२७ मे, फ्रिस्को, टेक्सास
आमच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा पहिला सेंटर गेला. म्हणजे जिवंत आहे, या सीझनपुरता गेला. लेकीच्या वाढदिवसाला ट्रॅम्पोलिनवर चढला, तीनशे पौंडांचा माणूस. टाचेवरची शीर तुटली. लेक विचारत होती म्हणे, बाबा परत कधी उडी मारणार.

सीझन सप्टेंबरात, पण माणसं मोडतात मे महिन्यात. एकाने अंगणात ब्रिस्केटचं मांस शेकताना पाय भाजून घेतला. एक घोड्यावरून पडला. टीमच्या फिजिओ रूममध्ये मैदानापेक्षा जास्त गर्दी. मी सर्वांत ज्युनिअर, म्हणून बर्फ माझ्याकडे.

सेंटर नाही तर मागे उभ्या क्वार्टरबॅकला, डाव चालवणाऱ्याला, पायांमधून चेंडू देणार कोण? आज सेंटरच्या शेजारी खेळणाऱ्या एका गार्डने दिला. क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून गेला. कोचने टोपी काढली, तिच्यात पाहिलं, परत घातली.

२९ मे
आता केलब. दुसरा सेंटर. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कुणी घेतला नव्हता, ट्रायल देऊन आत आलेला पोरगा. सुरुवातीपासून खेळायची पहिलीच संधी, आणि आज लंगडत आला. नव्या अपार्टमेंटमध्ये गादी चढवत होता, जिन्यात गादीसकट खाली. डावा गुडघा टम्म.

लिंडाने, माझ्या बॉसने, दार लावून सांगितलं. फाटलेलं नाही, सूज आहे, दोन आठवडे. पण कोच सोडला तर बाहेर एक शब्द नको. बोभाटा झाला तर वरचे घाबरतील, कुठूनतरी अनुभवी सेंटर आणतील आणि याला घरी पाठवतील.

मी मान हलवली. मग शंका आली, मान हलवणं म्हणजे वचन होतं का. परत जाऊन तोंडानेही सांगितलं. ओके म्हणाली.

१ जून
आईने मला सहावीपर्यंत घरीच शिकवलं. एक मास्तरीण, एक विद्यार्थिनी, नजर चुकवायला वर्गात दुसरं कुणी नाही. आजही भाजी ढवळता ढवळता विचारलंच, काय लपवतेस.

एवढंच म्हटलं की एका मुलाचा गुडघा दुखतोय, त्याची आई ओहायोत, इथे एकटाच असतो. आईचे डोळे भरले. शनिवारी सत्यनारायण आहेच, त्याच्या नावाने संकल्प सोडू. नाव काय?

नाही सांगणार म्हटलं.

"अगं, मी कुणाला सांगणार नाही. पण देवाला नाव नको का?"

देव बाहेरचा धरायचा की नाही, यावर बराच विचार केला. सांगितलं.

७ जून
आईने शब्द पाळला. कुणाला सांगितलं नाही. फक्त गुरुजींना.

गुरुजी आठवडाभर डेटाबेस सांभाळतात, वीकेंडला पूजा सांगतात. आवाज खणखणीत, वर उपरण्याला माइक. गोत्र माहीत नसलं की काश्यप, म्हणून केलब काश्यप झाला. "काश्यपगोत्रोत्पन्नस्य केलबनाम्नः वामजानुपीडापरिहारार्थम्..." तरी निभावलं असतं, संस्कृत कुणाला कळतंय. पण गुरुजी मुलांसाठी इंग्रजीतही अर्थ सांगतात. टीमचं नावसुद्धा घेतलं, देवाचा घोळ नको म्हणून.

मोघे काका ऑनलाइन फॅन्टसी लीग चालवतात, खरे खेळाडू निवडून कागदावरच्या टीम लढवायच्या. आरतीनंतर तीर्थ ओंजळीत तसंच धरून माझ्याकडे वळले. "सेंटर लंगडा, म्हणजे यंदा तुमचा क्वार्टरबॅक घेऊ नको म्हणतेस?"

खोटं मी बोलत नाही. खरं बोलायची परवानगी नाही. शिरा तोंडात भरला. फार गरम होता.

आई खूश. एवढ्या लोकांनी प्रार्थना केली म्हणे.

९ जून
लिंडाला सगळं सांगितलं. सत्यनारायण म्हणजे काय तेही. साधुवाण्याची नाव बुडेपर्यंत आले तेव्हा तिने हात वर केला. नोकरी राहिली की गेली, कळलं नाही. तरी दिवसभर बर्फ भरत राहिले.

मग केलबची माफी मागितली. तो व्यायामाची सायकल मारत होता, थांबला. माझं नाव नक्की कुठल्या भाषेत घेतलं, एवढंच विचारलं. आणि म्हणाला, त्याच्या आईच्या चर्चमध्ये या गुडघ्याची प्रार्थना गेल्याच रविवारी झाली. पास्टरने गादीसुद्धा सांगितली.

दोघं हसलो. मग तो हसायचा थांबला. त्याच्या आईने पहिल्या मॅचला यायचं विमानाचं तिकीट काढलंय.

"मला घरी पाठवलं तर तिला फोन तू करायचा."

११ जून
अनुभवी सेंटर आला. दाढी पांढरी, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. मोघे काकांमुळे? नाही. लिंडा म्हणते, कोचने त्याला ट्रॅम्पोलिनच्या दुसऱ्याच दिवशी फोन केला होता. म्हणजे माझा दोष नाही. इतकं हलकं वाटलं की लाज वाटली. केलबच्या डोक्यावरची तलवार तशीच.

म्हाताऱ्याने पहिला चेंडू दिला. थेट हातात. केलबने सायकलचा वेग वाढवला. मी कमी करायला लावला.

१२ जून
उद्या उन्हाळी सुट्टीआधीची शेवटची प्रॅक्टिस. केलब उतरला तर ठीक, नाहीतर कोच म्हाताऱ्याची करारावर सही घेणार आणि केलब घरी. लिंडा म्हणाली, रोज तू बघतेस, तूच सांग.

एका पायावर बसला, उठला, उडी मारली. दुखत नाही म्हणाला. खेळाडूंना कधीच दुखत नसतं. मोजायची टेप लावली. सूज कालच्यापेक्षा किंचित जास्त. किंवा टेप सैल धरली. किंवा रोज सकाळी मोजतो, आज दुपारी मोजली, म्हणून.

केलब छताकडे बघत होता. कोच दारात.

"उद्या उतरवू? हो की नाही?"

"परत मोजते," म्हटलं.

केलबने पाय सरळ केला. कोच खुर्ची ओढून बसला.