पॅचमधला दादा

९ डिसेंबर २००७, रविवार

क्रिकेटच्या गेममध्ये आपल्या टीम घालायचा पॅच चालला एकदाचा. चारही मशीनवर टाकला. टोकावडे वि. मुरबाड. स्क्रीनवर रव्याचा चेहरा आला, निळी जर्सी, छातीवर आमच्या मंडळाचं नाव, आणि मुरबाडला कॉम्प्युटर क्लासमध्ये जी बोंब उठली, खालचा मेडिकलवाला वर बघायला आला कोण पडलं म्हणून.

गेम तोच जुना क्रिकेटचा. पोरं वर्षभर खेळून वैतागली होती. नावं सगळी परदेशी, आपल्या देशाची होती ती पण अर्धी चुकीची. गणपतीत क्लासचे मोहन सर म्हणाले, "संगीता, ती प्लेयरची फाइल उघडता येते म्हणतात. आपली गावातली पोरं घाल ना त्यात." म्हणाले आणि विसरले. मी नाही विसरले. सकाळी टायपिंग नि एक्सेलची बॅच घ्यायची, मग संध्याकाळी पोरं गेम खेळायला यायच्या आत हे. मॅचला उभं राहून फोटो काढले, चेहरे कापून बसवले. मग प्रत्येकाला नंबर. बॅटिंग, बॉलिंग, फिल्डिंग, शंभरपैकी. सगळ्यात जास्त वेळ त्यालाच गेला. लहानपणापासून बांधावर बसून मॅची बघतेय. कोणाचा पाय कुठं जातो, कोण शॉर्ट बॉलला डोळे मिटतो, सगळं पाठ.

पोरांनी विचारलं कोणी केलं. सर म्हणाले, "आपल्या क्लासनं." माझ्याकडे बघितलंपण नाही. मग बाजूला घेऊन, "तुझं नाव नको. बाईमाणसानं नंबर दिले कळलं तर मानतील का ते?"

बरं.

१४ डिसेंबर

सरळगाव आणि धसईपण टाकलं. बाकावर जागा नाही, पोरं जिन्यात उभी. प्रत्येकजण स्वतःलाच घेऊन खेळतो. रव्या म्हणजे आमचा ओपनर, दादाच्या वर्गातला. त्यानं गेममध्ये शतक मारलं आणि खुर्चीवरून उठून हात वर केला, खरं मैदान असल्यासारखा.

लाइट जाऊन आली तेव्हा चार नंबरच्या मशीनला चुकून जुनाच गेम सुरू झाला. एक पोरगा दोन बॉल खेळला आणि माऊस ढकलून म्हणाला, "ह्यात काय मीठच नाय रे. कोण खेळायचं ह्ये?" इतकं बरं वाटलं मला. घरी सांगायचं होतं. सांगितलं नाही.

१८ डिसेंबर

दादा आला आज क्लासमध्ये, एमआयडीसीतली शिफ्ट सुटल्यावर. मला वाटलं होतं येणारच नाही. टोकावड्याचा कॅप्टन म्हणून पहिलं नाव त्याचंच. चेहरा मस्त आलाय त्याचा, सगळ्यात चांगला. हसला. मग कोणीतरी गेममधलं त्याचं नंबरांचं कार्ड उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. बॉलिंग, एकसष्ट.

पोरं हसली. तोपण हसला.

एसटीत माझ्या शेजारी बसला. सरळगाव गेलं. मग, "तुझ्या सरानं कधी मॅच बघितली हाय का गो? एकसष्ट म्हणं."

मी म्हटलं, काय माहीत.

एकसष्ट का, ते इथं लिहून ठेवते. मागच्या पावसाळ्यात घाटाच्या वळणावर त्याची बाइक घसरली तेव्हापासून खांदा गेलाय. धावत येतो तसाच, पण हात अर्ध्यातून खाली येतो. बॉल बॅट्समनपर्यंत पोचतो तेव्हा त्यात काही उरलेलं नसतं. आख्ख्या गावाला माहीत आहे. कोणी बोलत नाही. कॅप्टन आहे, आणि घरातल्या कपाटावरच्या सगळ्या ट्रॉफ्या त्याच्या आहेत. मी आधी अठ्ठ्याहत्तर टाकले होते. मग पुसले. बाकीच्यांना खरे द्यायचे आणि घरच्याला खोटे, मग कशाला करायचा पॅच?

३ जानेवारी २००८

पोरं एकमेकांना नंबरानं हाका मारतात आता. "ए बहात्तर, चहा सांग." सरळगावचा विकेटकीपर सरांना पिशवीभर बोरं देऊन गेला, फिल्डिंग वाढवा म्हणून. सरांनी बोरं खाल्ली. वाढवायची कशी ते सरांना येतच नाही.

दादाला अजून कोणी तसं हाक मारत नाही. निदान तोंडावर.

२० जानेवारी, रविवार

सरळगावला टुर्नामेंट. कापलेल्या भाताच्या शेतात पिच, मंडप, माइक. आम्ही मुली बांधावर. दादा पहिली ओव्हर टाकायला आला आणि माइकवाला, तोपण आमच्या क्लासमध्ये येतो संध्याकाळी, म्हणाला, "आणि गोलंदाजीला येत आहेत टोकावड्याचे एकसष्ट!"

मंडप फुटला हसून. मग प्रत्येक बॉलला तेच. लहान पोरं सीमारेषेवर ओरडायला लागली, एकसष्ट, एकसष्ट. पहिल्या ओव्हरला दोन सिक्स. दुसऱ्या ओव्हरला त्यानं मध्येच थांबून खांदा दाबला, दाबायला नको होता, सगळ्यांनी बघितलं. ओव्हर संपवली आणि बॉल दुसऱ्याच्या हातात दिला. हरलो.

जीपमध्ये मी मागं बायकांत, पोरं पुढं. रव्या दादाला म्हणाला, "नित्या, आता बॉलिंग नको करू तू. राग नको मानू."

दादा म्हणाला, "बरोबर हाय."

बरोबर नव्हतं. म्हणजे बरोबरच होतं, पण

२३ जानेवारी

मंडळाची बैठक देवळात. कॅप्टन रव्या. घरी आप्पा विचारत होते का रे असं एकाएकी. दादा म्हणाला, "नवीन पोरांना चान्स द्यायला लागतो." जेवला नाही नीट. आई खांद्याला तेल लावू म्हणाली तर हात झटकला.

मला कळत नाही. खांदा सगळ्यांना दिसत होता. मग माझ्या आकड्यानं असं काय झालं? इतकंच झालं, की आता बोलायला तोंड मिळालं.

२५ जानेवारी

दादा आज क्लासमध्ये येऊन सरांना भिडला. मी आतल्या खोलीत प्रिंट काढत होते, सगळं ऐकू येत होतं. "सर, कशावरनं दिलेत मला? एक तरी मॅच बघितलीत का माझी?" सर आधी हसण्यावारी नेत होते. पोरं गोळा झाल्यावर घाबरले. म्हणाले, "अरे मी नाय दिले बाबा. तुझ्या बहिणीला विचार. तिनंच केलंय सगळं."

दीड महिना माझं नाव नको होतं. आज घेतलं.

दादा आत आला नाही. एसटीत दिसला नाही. घरी पोचले तर ओट्यावर बसलेला. आई तांदूळ निवडत होती. तिच्यासमोरच विचारलं.

"तू दिलेस?"

"हो."

"का गो?"

"तुझा हात येत नाय दादा पूर्ण. मी बघितलंय."

"मला काय म्हायती नाय?" ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मग मला बोलायचं होतंस. हितं, घरात. मशीनीत कशाला घातलंस?"

आई म्हणाली, काय झालं रे.

मी त्याला म्हणणार होते, घरात कोणी बोलू दिलं असतं? तेल लावायला गेलं तरी हात झटकतोस. नाही म्हटलं.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला क्लास उघडा होता. पॅच उघडला आणि दादाला पंच्याऐंशी केले. कोणी सांगितलं नव्हतं. करून टाकले.

२८ जानेवारी

तासाभरात कळलं पोरांना. "सर, किती पाजली त्यानं?" "बहिणीचा भाऊ हाय बाबा, पंच्याऐंशी काय, शंभर करतील." मग सगळ्यांनाच वाढवून पाहिजे. धसईवाल्यांनी सरळगाववाल्यांना ढकललं, दोन नंबरचा कीबोर्ड खाली पडून मोडला.

त्यात दादा आला. जिन्यातच त्याला सांगितलं असणार कोणीतरी. पोरांनी वाट दिली. बसला, स्वतःला घेतलं, एक ओव्हर टाकली. गेममध्ये त्याचा बॉल सुसाट जात होता, दांड्या उडाल्या दोनदा. कोणी हसलं नाही, कोणी ओरडलं नाही. उठला. सरांना म्हणाला, "ह्ये काढा." माझ्याकडे न बघता, "भीक नको म्हणावं तिला."

सरांनी चारही मशीनवरून पॅच उडवला. जुन्या गेमची मूळ सीडी टाकली. मला म्हणाले, "तुझ्या घरच्या भानगडी माझ्या क्लासमध्ये नको." मी त्याआधीच सीडीवर पॅचची एक कॉपी काढून पर्समध्ये ठेवली होती. सरांना सांगितलं नाही.

२ फेब्रुवारी

क्लास ओस. एक पोरगा आला, जुना गेम बघून गेला. सर दारात उभे राहून रस्त्याकडं बघतात.

लिहू नये, पण बरं वाटतंय. बघा म्हटलं. माझ्याशिवाय खेळून दाखवा.

दादा घरात आईमार्फत बोलतो. "तिला सांग पाणी आलंय." मी तिथंच उभी असते.

९ फेब्रुवारी

क्लास भरलाय. सगळे आले. जुना गेम, परदेशी टीमा, चुकीची नावं. त्यातला एकही माणूस त्यांनी जन्मात बघितलेला नाही. आणि आधीपेक्षा जास्त हसतात. भांडण नाही, कार्ड कोणी उघडून बघत नाही.

मी रव्याला विचारलं. राहवलंच नाही. "आवडतो हा? मीठ नव्हतं ना ह्यात?"

"बरं झालं गेला तो, संगी," म्हणाला. सहज म्हणाला, मला लागेल हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. "त्यात टेन्शन यायचं. आऊट झालो तर मीच आऊट झालो वाटायचं. घरी गेल्यावर जेवण जायचं नाय. ह्यो कसा, हरला तर कोण गोरा हरला. आपलं काय जातंय?"

इतके दिवस मला वाटत होतं मी त्यांना मीठ दिलं.

१३ फेब्रुवारी

दादापण येतो. रव्याच्या बाजूला बसतो. आज कोणत्या तरी उंच गोऱ्या बॉलरला घेऊन रव्याची विकेट काढली आणि टेबलावर हात आपटून हसला. पावसाळ्यानंतर त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. मी आतून बघत होते. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालापण असेल. पण आधी राग आला. त्याला हसवायला मी नाही, तो गोरा लागला.

१७ फेब्रुवारी

सकाळची बॅच आली नाही, लग्नसराई. एकटीच. जुना गेम लावून बसले. खरं तर मी कधी तो नुसता खेळलेच नव्हते, उघडला तो फाइल शोधायलाच. एक मॅच खेळले. मन लागेना. बॅट्समन आऊट झाला की तोंड फिरवून चालायला लागतो, सगळ्यांची चाल एकच. ह्याच्या घरी कोण आहे, हा चिडल्यावर काय करतो, मला काहीच माहीत नाही. नुसती बाहुली.

म्हणून पर्समधली सीडी घातली. टोकावडे उघडलं. दादाचा चेहरा आला. त्यातही मन लागेना. बंद केलं.

मग मला आवडतं काय? बांधावर बसून बघणं आवडतं बहुतेक. ते मशीनीत नेलं तिथंच चुकलं असेल. किंवा नसेलही. खरं सांगितलं एवढंच केलं मी. ते खरं नव्हतं असं एकही माणूस म्हणाला नाही.

२५ फेब्रुवारी

आईनं विचारलं, अजून किती दिवस असं? मी म्हटलं त्याला विचार. तिनं त्याला विचारलं तर म्हणाला, "मी कुठं काय बोललो?" हेच तर म्हणतेय मी.

२ मार्च

शहापूरचा एक माणूस आला आज. चाळिशीचा, तानसाकडच्या गावचा, मंडळाचा अध्यक्ष. हातात फोटोंचं पाकीट, पोरं ओळीत उभी, मागं धरणाची भिंत. त्यानं ऐकलंय मुरबाडला गावची टीम गेममध्ये घालून देतात. आमची घालून द्या म्हणाला. आमच्याकडं पण एक क्लास निघालाय, पोरं नुसता गेम खेळत नायत.

मी आतून ऐकत होते. मला वाटलं सर म्हणतील, ते बंद केलंय आम्ही. सरांनी फोटो उलटसुलट केले, आणि सगळ्या पोरांसमोर, मोठ्यानं, "आमच्या संगीता मॅडम करतात ते. त्यांच्यासारखे नंबर कोणी देत नाय. एकदम खरे. मॅडम, या जरा बाहेर."

मॅडम.

आले बाहेर. तो माणूस उठून उभा राहिला. म्हणाला, "ताई, एकच सांगतो. आमचा एक पोरगा हाय, गुडघा गेलाय त्याचा. त्याला जरा सांभाळून घ्या."

दादा एक नंबरच्या मशीनवर होता, माझ्याकडं पाठ. मी त्या माणसाला काय म्हणायचं ते ठरवत होते. हो म्हटलं तर तो पॅच खोटा. नाही म्हटलं तर त्या पोराला कोणीतरी माइकवरून हाक मारणार.

दादानं वळून बघितलं नाही. पण त्याचा हात कीबोर्डवरून उचललेला होता, आणि स्क्रीनवर त्याचा बॉलर रनअपच्या टोकाला बॉल घेऊन उभा होता, बॅट्समन वाट बघतोय, आणि तो बॉल काही टाकला जात नव्हता.

"फोटो ठेवून जा," मी म्हटलं. "बघते."