सखारामची डोली

रविवार, १८ जानेवारी. संध्याकाळ.

आज मी सखारामच्या कानाखाली मारली. सत्तरीतला माझा बालमित्र, अर्धांगाने एक पाय ओढणारा, आणि मी...

आमच्या नेरळच्या ज्येष्ठांची सहल घारापुरीला गेली होती. लेण्यांपर्यंत पायऱ्याच पायऱ्या, म्हणून त्याच्यासाठी मीच दांड्यांवर बांधलेल्या खुर्चीची डोली ठरवली. तो "नाय बसणार" म्हणत होता. मला वाटलं, लाजतोय. बळेच बसवला आणि चौघा डोलीवाल्यांना म्हटलं, "उचला रं!" खुर्ची खांद्यावर चढली तसा सखाराम पिसाळला. फिरवलेली काठी पुढच्या डोलीवाल्याच्या कपाळावर बसली. रक्ताची धार लागली. डोली टेकताच मी धावलो आणि दिली ठेवून.

"मार अजून!" तो ओरडला. "तीस वर्सं माथेरानात मानसं वढली मी. आता मानसाच्या खांद्यावर बसू व्हय रं?"

हातरिक्षा ओढून त्याच्या तळव्यांना पडलेले घट्टे मला पाठ आहेत. मग डोली ठरवताना कसे नाही आठवले? माया होती, की नुसती मिरवायची हौस?

मंडळींबरोबर लेणी बघून उतरलो, तर खालच्या पायरीवर सखाराम कपाळाला पट्टी बांधलेल्या त्या डोलीवाल्याचा खांदा चोळत होता, त्याच घट्ट्यांच्या हातांनी. "दांड्याखाली फडकं घेत जा, बाबा," म्हणत आपला पंचा त्याला घडी करून देत होता.

परतताना लाँचमध्ये मी म्हटलं, "सख्या, चुकलं रं."

ज्या हाताने मी मारलं, तोच हात त्याने धरला, उलटा करून तळवा बघितला.

"किती मऊ हाय रं," म्हणाला, आणि सोडून दिला.