सात नंबरची दरी

एश्बॉर्न, मंगळवार, संध्याकाळ

अवशेष सापडले. आणि मी कुणाला सांगू शकत नाही!

जर्मनीतले आम्ही चौघं मराठी मिळून एका ऑनलाइन गेममधल्या ग्रहावर परग्रहवासीयांचं गाडलेलं शहर शोधतोय. सात दऱ्या वाटून घेतल्यात. सात नंबरची माझी. महिन्यापूर्वी मी ग्रुपवर लिहिलं, "सात नंबर परवा." म्हणजे परवा बघेन. न्युरेम्बर्गच्या नंदाताईंना वाटलं, परवाच बघून झाली. त्यांनी नकाशावर त्या दरीवर फुली मारली, वर "शाब्बास, तूच एक वेळेवर करतेस" म्हणाल्या. तेव्हाच सांगायचं ना, मूर्खासारखी गप्प का बसले? शाबासकी गोड लागली, दुसरं काय.

तेव्हापासून ते तिघं ऑफिसातून आले की बाकीच्या दऱ्या पुन्हा पुन्हा पालथ्या घालताहेत. आज न राहवून मी एकटीच तिथे उतरले. समोरच खांब. चुकवू म्हटलं तरी न चुकणारे, एवढाले!

सांगितलं तर महिनाभराचं खोटं उघडं पडणार. नाही सांगितलं तर शहर कायमचं त्या फुलीखाली गाडलेलं राहणार!

आत्ताच नंदाताईंचा मेसेज आला, नेहमीसारखा जर्मन 'तर मग'ने सुरू होणारा. "आल्झो, बाकीच्या सहा संपल्या गं. सात नंबर सगळे मिळून एकदा बघूया? कधी जमेल तुला?"

हात आपोआप चालला.

"परवा."