आत्याची टकटक

प्रिय शेंडेफळ,

रविवारी तू सगळं बिऱ्हाड घेऊन कायमची येतेस, असं मावशीकडून कळलं. दुकानाच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलंय, शिलाईची मशीनं पुसून ठेवलीत. आईची कात्री खिळ्यावर होती तशीच आहे. तिला मी हात लावलेला नाही. या घरात कापड बेतायचं आणि कापायचं ते बायकांनी, आम्हा जावयांकडे शिलाई आणि काज-बटण. तुला हे मी सांगायला नको, पण हल्ली मी सगळंच पहिल्यापासून सांगत बसतो.

माझ्या वडिलांच्या दुकानात नेमकं उलट होतं. तिथे कात्री पुरुषांची, बायकांनी तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मी तिथला पट्टीचा कापणारा. लग्न करून इथे राहायला निघालो तेव्हा भावाने घरजावई म्हणून माझी यथेच्छ टर उडवली. इथे येऊन बघतो तर सगळेच जावई घरजावई, कुणी कुणाला हसायचं? पहिल्याच दिवशी तुझी आजी म्हणाली, "कात्री राहू द्या, सुई घ्या." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण घेतली मुकाट्याने. मग तुझी आई संध्याकाळी एखादं अवघड कापड टेबलावर पसरून हळूच विचारायची, "इथे काय कराल?" मी बोटाने दाखवायचो, ती कापायची. आमचा संसार त्या टेबलावरच झाला म्हण ना.

आमच्या आत्याबद्दल तुला कधी सांगितलं नाही. नवरा गेल्यावर ती भावाकडे, म्हणजे आमच्याकडे, परत आली. ती जन्मली तेच घर, पण राहायची मागच्या खोलीत. दुकानाची बटणं लावायची, खुर्चीच्या कडेवर बसायची. आणि कुठल्याही खोलीत शिरण्याआधी दारावर हलकेच टकटक करायची, स्वयंपाकघराच्या सताड उघड्या दारावरसुद्धा. तसं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. "अगं, ये की सरळ," असंही कुणी म्हटलं नव्हतं. माझे वडील वाईट नव्हते गं. तिला जेवायला कधी कमी पडलं नाही.

तुझी आई गेल्यापासून मला ती टकटक ऐकू येते. आधी वाटलं, गिऱ्हाईक असेल. दार उघडलं तर कुणी नाही. मग एका दुपारी स्वयंपाकघरापाशी आली, मग आमच्या झोपायच्या खोलीपाशी. तीच, हलकी, माफी मागितल्यासारखी. अंगावर सरसरून काटा आला. आत्याने जिवंतपणी हे घर कधी पाहिलंही नव्हतं, ती कशाला येईल इथे? परवा तुझी मावशी आईचे कपडे आवरायला आली होती. मागून तिचा आवाज आला, "अहो, रिकाम्या खोलीचं दार काय वाजवताय?" मी पाहिलं, तर माझंच वाकवलेलं बोट दारावर टेकलेलं. मावशी हसली. मीही हसायला गेलो, पण जमलं नाही.

मग तिने जपून विषय काढला. घराची रीत तुला माहीत आहे. घर धाकट्या लेकीचं. आधी आई, आता तू. आणि बायको गेली की जावयाने आपल्या माणसांत परत जायचं. माझ्या आधीचे सगळे गेले. त्यांच्याकडेही रीत हीच, त्यांना बहिणींची घरं होती, तिथे मामा म्हणून त्यांचा शब्द चालायचा. मला बहीण नाही. भावाला कळवलं, तर त्याने मोठ्या मायेने निरोप पाठवला, "केव्हाही ये. तुझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतली आहे."

मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. फोनवर तू म्हणालीस, "बघू बाबा, आल्यावर बोलू." त्या "बघू"नंतर माझा कशात जीव लागत नाही, म्हणून लिहायला बसलो. मला घर नको, कात्री नको. मला त्या खोलीची भीती वाटते, बाळा. तुझ्या मनात असेल तर रविवारी सगळ्यांदेखत एकदा म्हण, "बाबा, राहा." नसेल तर काहीच बोलू नकोस, मी समजून घेईन. बॅग भरलेली आहे. आणि राहा म्हणालीस, तरी काही दिवस मी दारं वाजवत राहीन. तेव्हा हसू नकोस. आतून नुसतं "या की" म्हणत जा.

अजून तरी तुझ्याच घरातून,
तुझाच,
बाबा