दोन रंगांची मखमल

ता. ३ मार्च

चि. सौ. वहिनीस, अ. उ. आ.

देवामागचा पडदा अर्धा काळपट आणि अर्धा फिकट जांभळा दिसतो, ही बातमी आज पक्की झाली. मावशी तुमच्याकडे जाऊन स्वतः बघून आली. एकाच ताग्यातली मखमल, एक चौकोन मी करून पाठवला, दुसरा तू केलास, आणि रंग दोन! ही किमया तुलाच जमायची.

मखमलीला लव असते, हे तुला माहीत नाही का? लव वरच्या दिशेला ठेवली की रंग गडद येतो. आईनं मला तसंच शिकवलं. तुला फक्त माझ्या चौकोनावरून हात फिरवून तुझा जुळवायचा होता. पण त्यासाठी आरशापुढून उठावं लागलं असतं. वर तू लावलेली कापडी फुलं! मावशी म्हणाली, फुलं आहेत की मोज्यांचे गोळे, तेच कळेना.

आईला आता दिसत नाही, हे एका परीनं बरंच म्हणायचं. सणाला असलंच काही टांगायचं असेल, तर देव आणि आई दोघांनाही माझ्याकडे पाठवून द्या. यापुढे सण इथेच होईल.

लोभ आहेच, तो टिकवायचं काम तुझं.

ताई

ता. ७ मार्च

ती. वन्सं यांस, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मोज्यांचे गोळे वाचून तुमचे भाऊ पोट धरून हसले, म्हणून आज भांडी त्यांच्याकडे आहेत.

मखमलीची लव खाली ठेवतात, वन्सं. धूळ झटकली की निघते. तुमच्या घरी धूळ झटकायची पद्धत नसल्यामुळे हे तुम्हाला कळायचं कारण नाही. आईंनी मला तरी असंच शिकवलं. कापायच्या आधी एक ओळ लिहिली असतीत, तर सांगितलं असतं. मीही विचारलं नाही, खरं आहे. तुम्हाला काही विचारायचं म्हणजे आधी तुमचं कौतुक तुमच्याच तोंडून ऐकायचं.

एक चौकोन उलटा टांगला की रंग जुळेल, पण फुलं खाली डोकं वर पाय होतील. म्हणजे एकीची फुलं उसवायला हवीत. माझी उसवणार नाहीत. तुमची फुलं तशीही गणवेशाच्या बटणांसारखी आहेत.

आणि आई कुठेही जायच्या नाहीत. त्या गेल्या तर माझं चुकलं हे मला सांगणारं या घरात कुणी उरणार नाही. तुमचं सांगणं मी धरत नाही.

माया असू द्यावी, सल्ले नकोत.

वहिनी

ता. १० मार्च

चि. ताईस, अ. आ.

मी सांगते आहे, सून लिहिते आहे. तिनं काही गाळलं तर कळेल. शेजारच्या मास्तरीणबाईंकडून वाचून घेतल्याशिवाय पत्र पेटीत पडणार नाही.

तुमची दोघींची पत्रं मुलानं वाचून दाखवली, सुनेचं पेटीत पडायच्या आधीच. मग दोन्ही चौकोन मांडीवर घेतले. डोळे गेलेत, तळवे शाबूत आहेत. फुलंही चाचपली. इकडे मोजे, तिकडे बटणं. एकमेकींबद्दल तुम्ही लिहिलंय ते अगदी खरं आहे. माझ्या हाताखाली शिकलात, हे बाहेर कुठे बोलू नका.

मी कुठे राहायचं ते तुम्ही पत्रांतून ठरवता. मी काय पडदा आहे, इथून उसवून तिथे शिवायला? देव इथेच राहील आणि मीही.

शुक्रवारी ये. तुझी फुलं सून उसवेल, तिची तू उसवायचीस, एकाच सतरंजीवर बसून. मग दोन्ही चौकोन आडवे फिरवून जोडा. लव ना वर, ना खाली. दोन्हींची एका बाजूला. रंग जुळेल आणि दोघीही चुकाल. मी कुणाला काय शिकवलं होतं ते मला पक्कं आठवतं. सांगणार मात्र नाही.

जावयांना आशीर्वाद. भांडत या, पण वेळेवर या.

आई