कॅसेट कोरड्या हातानं धरावी

येडशी,
१२ जुलै १९८७

आदरणीय दाजी,

मच्छिंद्रचा तुम्हाला आणि अक्काला सप्रेम जयभीम. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? अक्कानं लिहिलं होतं की पलटण सोडून इतकी वर्षं झाली तरी तुम्ही सकाळी बँडाच्या चालीवरच फिरायला निघता आणि खडकी बाजारातली कुत्री तुम्हाला वाट करून देतात. वाचून बरं वाटलं. आम्ही इकडं सगळे ठीक आहोत. (ठीक म्हणजे, या दोन वर्षांत त्या शब्दाचा जो अर्थ उरला आहे त्या अर्थानं.) मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. पुनर्वसूबद्दल कोणी बोलत नाही, बोललं तर नजर लागेल म्हणून.

तुमचं पत्र मिळालं. दिवाळीत तुम्ही नवीन व्हिडिओ मशीन घेतलंत, जुनं मोठ्या मनानं मला दिलंत आणि त्याच्या पोटात तुमची जिवापाड जपलेली कॅसेट राहून गेली. ती डबीसह उलट टपाली पाठवावी असं तुम्ही लिहिलं आहे. ती कॅसेट साधी नाही हे मी जाणतो. विलायतेतल्या एका माळावर वीस वर्षांपूर्वी झालेली रॉक अँड रोलची मैफल, कंपनीनं आता लोकांना घरी बघता यावी म्हणून काढलेली, तुमच्या बँडमास्तरांच्या मुलानं दुबईहून आणलेली. मशीनच्या खोक्यात तिची डबीही निघाली. तिच्यावर तुमच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'कोरड्या हातानं धरावी.' दाजी, त्या एका बाबतीत निर्धास्त असा. या तालुक्यात ओल्या हाताचा माणूस सध्या शोधून सापडायचा नाही. बाकीचं सविस्तर लिहितो. थोडक्यात लिहिलं तर मी एकटा वेडा ठरतो. सविस्तर लिहिलं तर निदान सोबतीला माणसं मिळतात.

आमच्या दूध संस्थेनं रामलिंगच्या डोंगराकडच्या माळावर जनावरांची छावणी उघडली आहे. (दूध आटून वर्ष झालं, आता नुसती संस्था आहे.) सेक्रेटरी म्हणून छावणीची व्यवस्था माझ्याकडं. व्यवस्था म्हणजे चाऱ्याची गाडी का आली नाही हे लोकांना समजावून सांगणं. आमचे चेअरमन नानासाहेब यांना माझ्या मशीनची बातमी लागली. माणसं जनावरांपाशी महिनोन्महिने बसून आहेत, रिकामी बसली की संस्थेबद्दल बोलतात, तेव्हा त्यांना काहीतरी दाखवा, असं त्यांनी सुचवलं. ऑफिसातला काळा-पांढरा टीव्ही पत्र्याच्या शेडमध्ये आला. कळंबच्या व्हिडिओवाल्यानं दोन हिंदी पिक्चर दिले. ते परत गेल्यावर त्यांतली धूळ त्यानं हातावर झाडून पाहिली आणि पुन्हा आम्हाला दारात उभं केलं नाही. उरली तुमची कॅसेट. मी म्हणालो, ही दुसऱ्याची वस्तू आहे. नानासाहेब म्हणाले, "संस्थेत आपलं असं काय असतं हो?" यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी कॅसेट लावली. उत्तर न सुचणं म्हणजे संमती का, हा प्रश्न तेव्हापासून रोजनिशीत तसाच पडून आहे.

मला वाटलं होतं लोक हसतील किंवा उठून जातील. कोणी उठलं नाही. पडद्यावर माळ दिसला, माळावर न मोजता येणारी माणसं, तंबू, जेवणासाठी रांगा, अंगावर अपुरे कपडे. माकणीकडून दोन गाई घेऊन आलेल्या मथुराबाई (सगळी छावणी त्यांना मावशी म्हणते आणि घाबरते) पुढं सरकून म्हणाल्या, "ह्यांची बी छावणीच हाय व्हय? जनावरं कुठं बांधल्यात?" मी सांगितलं, जनावरं नाहीत, ही माणसं गाणं ऐकायला आली आहेत. "मग येवढे केस कशापायी वाढीवल्यात? न्हाव्याला द्यायला न्हाय, दुसरं काय. दुष्काळच हाय तिकडं." मागून दोघी-तिघी हळहळल्या. दाजी, ज्यांच्या अंगावरची फाटकी लुगडी दंड घालून शिवलेली आहेत त्या बायका विलायतेसाठी हळहळताना मी पाहिल्या.

आणि मग तो भाग आला, तुम्हाला पाठच असेल. एक दाढीवाला आपली गिटार वर उचलून स्टेजवर आपटतो, तुकडे लोकांत फेकतो. त्यानंतर आभाळ काळं होतं आणि धो धो पाऊस. माणसं चिखलात घसरतात, लोळतात. एक बैल फुरफुरला तर त्याच्या मालकानं त्याचं तोंड दाबून धरलं. पाऊस संपल्यावर सगळे एकदम म्हणाले, "मागं घ्या." मी मागं घेतलं. त्या दिवसापासून तुमच्या मैफलीतलं एकही गाणं कोणी पुरतं ऐकलेलं नाही. लोक कॅसेटला 'पाऊस' म्हणू लागले. शेजारच्या गावांतून माणसं पाऊस बघायला येऊ लागली, म्हाताऱ्यांना खांद्यावरून आणू लागली. चाऱ्याची गाडी चुकली की नानासाहेबांचा निरोप यायचा, "आज पाऊस लावा." मी लावायचो. उपाशी जनावरं बाहेर हंबरायची आणि आत माणसं पाऊस बघायची. (हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं. पण झालं ते असंच झालं.)

त्या पावसात स्टेजवरून एक माणूस भोंग्यावर काहीतरी सांगतो आणि सगळी गर्दी हात वर करून ओरडते. तो काय सांगतो, असं मथुराबाईंनी मला विचारलं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला. मी खरं सांगितलं. म्हणालो, "तो सांगतो आहे, सगळ्यांनी मिळून पावसाला जा म्हणा."

मथुराबाईंनी माझ्याकडं, आजारी वासराकडं बघावं तसं पाहिलं. "सायेब, पावसाला जा म्हनतंय का कोन जगात? तुमाला इंग्रजी नीट येतंय न्हवं?" मी म्हणालो, येतं. "न्हाय, बऱ्याच वर्सांखाली शिकला असाल. इसरतंय मानूस." मग त्यांनी स्वतःच उलगडून सांगितलं: तो पावसाला ये म्हणतोय, सगळे हात वर करून ये म्हणतायत आणि तो आलाय. छावणीचं एकमत झालं. एकटा असताना मी तो भाग पुन्हा पुन्हा ऐकला. प्रत्येक वेळी मला 'जा'च ऐकू आलं, पण दर वेळी जरा कमी खात्रीनं.

आता तुमच्या चिठ्ठीचा भाग. एकच जागा सारखी मागं-पुढं होऊन आणि धूळ जाऊन ती घासत गेली. पडद्यावर पांढऱ्या रेघा उमटू लागल्या. मला काळजी लागली, तुम्हाला काय तोंड दाखवू. लोक मात्र खूश. रेघा वाढल्या तसं ते म्हणू लागले, पाऊस वाढला. शेवटी शेवटी माणसं दिसेनात, स्टेज दिसेना, वरपासून खालपर्यंत नुसत्या रेघा. गुरुसिद्धप्पा म्हणून एक वृद्ध गृहस्थ छावणीत आहेत, भजनी मंडळाचे पुढारी. त्यांनी समाधानानं मान डोलावली: "आता धरनं भरतंय बघा."

याच गुरुसिद्धप्पांनी सगळं जुळवलं. पावसासाठी पोरांची धोंडी झाली होती, बेडूक मिळाला नाही म्हणून मातीचा केला होता. महादेव पाण्यात कोंडायचा तर टँकरचं पाणी पुरेना, पिंड अर्धीच बुडाली. (मथुराबाईंचं म्हणणं, अर्ध्या बुडलेल्या देवानं अर्धाच विचार केला असणार.) गुरुसिद्धप्पा म्हणाले, आपण देवाचं सगळं केलं, पण आपलं काय दिलं? त्या दाढीवाल्यानं वाद्य दिलं. वाद्य म्हणजे कलावंताचा जीव. जीव दिला, पाणी घेतलं. मी मध्ये पडलो. म्हणालो, गिटार फुटते तेव्हा त्याच्या तोंडावर ऊन आहे, पाऊस दुसऱ्या दिवशीचा असेल, कंपनीनं तुकडे जोडलेत. कोणी ऐकलं नाही. ज्याला 'ये' आणि 'जा' यांतला फरक कळत नाही त्याचं कोण ऐकणार?

आणि सगळ्यांच्या नजरा मकबूलकडं वळल्या.

मकबूल कळंबच्या लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतो. जोडीतला एक बैल गेला, उरलेला घेऊन तो छावणीत आला. रोज दिवस मावळताना बैलासमोर बसून वाजवायचा. म्हणायचा, उसाचे वाढे कडक आहेत, सुरावर चावले जातात. वडिलांच्या हातचं वाद्य. चार माणसं घरी त्यावर जेवतात. कोणी त्याला तोडून टाक म्हटलं नाही, दाजी. बळजबरी झाली असती तर मी सेक्रेटरी म्हणून काहीतरी केलं असतं. "मकबूलभाई, तुमची खुशी," एवढंच लोक म्हणायचे. त्याच्या बैलाला आधी पाणी द्यायचे. बायका त्याच्याकडं बघून पदर सावरायच्या. मायेनं माणसाला असं कोपऱ्यात ढकलता येतं, हे मला नवीन होतं. मकबूलनं वाजवणं बंद केलं.

एके दिवशी तो माझ्याकडं आला. म्हणाला, "सायेब, एक इचारू? त्या गोऱ्याला नंतर दुसरं वाद्य मिळालं का?" मी म्हणालो, मिळालं असणारच, त्यांच्याकडं पाच-पन्नास असतात, कंपन्या फुकट देतात. "मग त्यानं दिलं काय?" असं म्हणून तो उठला. मी म्हणालो, बैल घेऊन घरी जा. तो म्हणाला, "घरी काय खाईल ओ? तिथं गेलो तर बैल जातोय, इथं राहिलो तर पुंगी. बैल चाऱ्यावाचून मरतोय, पुंगी तर न्हाय मरत." आणि हसला. मला हसता आलं नाही.

सोमवार ठरला. माळावर लाकडं पेटवली, भजन झालं. मकबूल बँडाचा ड्रेस घालून आला: लाल कोट, सोनेरी दोऱ्या, डोक्यावर तुरा. लग्नाला निघाल्यासारखा. क्लॅरिनेट पुसून दोन्ही हातांत आडवं धरलेलं. कोणी मान वर करेना. आपण तर नवस-सायास छप्पन साली सोडले. पण त्या क्षणी मी जे केलं ते नवसाहून वेगळं होतं असं मला म्हणता येत नाही. मी शेडमध्ये गेलो, मशीनमधून तुमची कॅसेट काढली (हात कोरडे होते) आणि जाळापाशी येऊन म्हणालो, मंडळी, पाऊस पाडला तो वाद्यानं नाही. पाऊस आहे तो सगळा हिच्यात. द्यायचा तर हा द्या. यातल्या एकाही शब्दावर माझा विश्वास नव्हता. पण मथुराबाई पुढं आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "व्हय, हिच्यातच हाय की. म्या रोज बघतीय." मी कॅसेट जाळात टाकली.

काळा धूर उठला, लई घाण वास आला, म्हातारी माणसं खोकून बेजार झाली. धूर वर जाऊन पसरला तेव्हा दोघे-तिघे म्हणाले, ढग धरतोय. मकबूल तुऱ्यासकट बैलापाशी जाऊन बसला आणि त्या संध्याकाळी पुन्हा वाजलं.

तर दाजी, कॅसेटचं हे असं झालं. मी तुमचा अपराधी आहे. अक्काला माझा नमस्कार. गुडघ्याला एरंडाचं तेल चोळत जा. इकडं असतं तर पाठवलं असतं, पण एरंडही वाळले.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
मच्छिंद्र

ता.क. डबी सुखरूप आहे, चिठ्ठीसकट. वेगळ्या पार्सलनं पाठवत आहे.

ता.क. २. पाऊस आला नाही. गुरुसिद्धप्पांनी आज कारण शोधलं: कॅसेट उसनी होती, उसन्या वस्तूचा नवस पोचत नाही. लोक पुन्हा मकबूलला 'तुमची खुशी' म्हणू लागले आहेत. म्हणून विनंती, ती कॅसेट तुम्ही मला कायमची दिली होती असं एक कार्ड उलट टपाली टाका. खोटं लिहा असं मी म्हणत नाही. आता दिली तरी चालेल.

ता.क. ३. (पत्र टाकायला दोन दिवस उशीर झाला.) कार्ड नको. काल कळंबच्या बाजारात मकबूलनं क्लॅरिनेट देऊन गाडीभर कडबा आणला. नवस नाही, काही नाही, सरळ सौदा. जाळातून वाचवलं ते मी कडब्यासाठी वाचवलं, असं झालं. बैल चांगला खातो आहे. त्याला सुराचं काही पडलेलं नव्हतं. मकबूल मात्र दिवस मावळला की त्याच्यासमोर बसतो आणि कडब्याच्या धाटावर बोटं फिरवतो.

अक्का एकदा बोलली होती की तुमचं पलटणीतलं क्लॅरिनेट पेटीत तसंच आहे, दम लागतो म्हणून तुम्ही हात लावत नाही. हे मी तिला न विचारता लिहितो आहे. पाठवलंत तर जुन्या कपड्यांत गुंडाळून पाठवा, छावणीत कोणाच्या नजरेला पडू नये. आणि उसनं देऊ नका, दाजी. इथं उसन्याचं काही पोचत नाही.