मूळव्याधच हाय

३ ऑगस्ट १९९९
संडासात रक्त. जरासंच. मूळव्याध, दुसरं काय. बायकोची, यल्लव्वाची चटणीच तसली. तिखट बंद म्हणून तिला बजावलं. उलट मलाच म्हणते, डॉक्टरला दाखवा. वीस वर्षं हायस्कूलात पीटी शिकवतोय. मला डॉक्टर?

११ ऑगस्ट
तिखट बंद, रक्त चालूच. म्हणजे बायको चोरून घालतीया. सकाळी कडाक्याचं भांडलो.

२९ ऑगस्ट
दिवसातनं पाच वेळा जावं लागतंय. जाऊन आलं तरी पोट साफ झाल्यागत वाटत न्हाय. हेडमास्तरांनी सगळ्या स्टाफसमोर विचारलं, तास सोडून कुठं जाता? घोर अपमान. इसबगोल आणलंय. आठ दिवसांत खडखडीत.

१९ सप्टेंबर
दीक्षा मिरजेहून आली. नर्सिंगचं दुसरं वर्ष. जेवताना विचारते, आप्पा, शौचाला बारीक होते का? बापाला असलं विचारायचं? ताटावरनं उठलो. होते बारीक, पेन्सिलीगत. तिला कशाला सांगू?

६ ऑक्टोबर
पट्ट्याला नवीन भोक पाडलं. व्यायामाचा परिणाम. ग्राउंडच्या एका फेरीत धाप लागली, ती उन्हानं.

१४ ऑक्टोबर, दुपारी
यल्लव्वानं तिचा गुडघा दाखवायचा म्हणून दवाखान्यात नेलं. साफ फसवणूक. डॉक्टर म्हणाला, बोटानं तपासावं लागेल. म्हटलं, "माझ्या अंगाला हात लावायचा न्हाय." तडक बाहेर. रिक्षात ती एक शब्द बोलली न्हाय. बोलली असती तर दोन सुनावता आले असते.

२ नोव्हेंबर
ग्राउंडवर चक्कर आली. स्टाफमधल्या सरांनी उचलून त्याच दवाखान्यात टाकलं. परवानगी कुणी दिली यांना? दीक्षाही आली. म्हणाली, "आप्पा, किती पण ओरडा. पण आज तपासून घ्या." डॉक्टरनं विचारलं, कधीपासून? म्हटलं, पंधरा दिवस.
यल्लव्वा म्हणाली, "जूनपासनं. कपडे मी धुते."
खरं हाय. जूनपासनंच. वहीत तेवढं ऑगस्टात लिहिलं.
तपासायला अर्धं मिनिट लागलं. आत बोटाला गाठ लागली. दुर्बिणीनं तुकडा काढून तपासायला पाठवला.

१३ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. यल्लव्वा, दीक्षा दोघी संगं होत्या. गुदाशयाचा कॅन्सर. ऑपरेशन होईल, डॉक्टर म्हणाले. जूनमध्ये आला असता तर सोपं गेलं असतं. आता शौचासाठी पोटावर पिशवी, बहुतेक कायमची.
घरी येईपर्यंत वाट बघत होतो. दोघींपैकी एक तरी म्हणेल, आधीच सांगितलं होतं. मग भांडता येईल.
कुणीच म्हणालं न्हाय.